आक्काच्या भिंतीवरचा पाचवा चौकोन

पंख्याची दोन पाती पुसून झाली होती, तिसरं हाताला येत नव्हतं. आक्का स्टुलावर, पदर कमरेला खोचलेला, हातात ओलं फडकं. खाली तिची भावजय दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"वन्सं, उतरा आता. पडलात तर लोक म्हणतील, भावजयीनं ढकललं."

"लोकांना कशाला त्रास? तूच सांगशील की चारचौघींत, हौसेनं," म्हणत आक्कानं टाचा उंचावल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजायला लागला.

"आता बोला," भावजय म्हणाली, "फोन घेऊ की तुम्हाला धरू?"

"फोन घे. मी इतकी वर्षं कुणी न धरता उभीच आहे."

बोलणं थट्टेचं होतं, पण खोटं नव्हतं. आक्का पाठच्या भावंडांची आक्का. मग भाच्यांची, भाच्यांच्या मित्रांची, आणि होता होता दूधवाल्याचीसुद्धा. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे विचारून दमले, पण सांगायला ती कधी निवांत बसलीच नाही. गावातल्या तंत्रनिकेतनात संगणकाच्या भाषा शिकवण्यात तिचं उभं आयुष्य गेलं आणि निवृत्त झाल्यावर ती धाकट्या भावाच्या घरी राहायला आली. देव एकेकाला एकेक वेड देऊन खाली पाठवतो. आक्काला त्यानं वर्गवारीचं वेड दिलं. ती या घरात आली त्याच आठवड्यात शिवणाच्या डब्यातली बटणं वेगळी झाली, दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे. भावजय म्हणाली, "बटण तुटलं की मी हाताला येईल ते लावते हो." आक्का म्हणाली, "म्हणूनच माझ्या भावाचे सदरे तसे दिसतात."

"तुमच्या शंकासुराचा फोन आहे," भावजय दारातून म्हणाली.

आक्का झटक्यात खाली उतरली.

शंकासुर म्हणजे तिचा जुना विद्यार्थी. वर्गात हात खाली म्हणून नसायचा, त्यावरून आक्कानंच ठेवलेलं नाव. आता तो तिच्याच खुर्चीवर बसत होता, विभागप्रमुख म्हणून. कानशिलं पांढरी झाली होती, तरी फोनवर आवाज ऐकला की तिला पहिल्या बाकावरचा लुकडा पोरगाच दिसायचा.

"मॅडम, सगळ्या इमारतीला रंग द्यायचं चाललंय. रंगारी खालच्या मजल्यापर्यंत आलेत. परवा आपल्या लॅबमध्ये येतील."

"बरं मग?"

"मग... भिंत, मॅडम."

आक्कानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"प्राचार्य म्हणतात, तक्ता जुना झालाय. नव्या अभ्यासक्रमात भाषांची सुरक्षा अगदी पहिल्या धड्यात आहे, आणि आपल्या भिंतीवर त्याचा पत्ताच नाही. पुसून टाका म्हणाले. मी म्हटलं, थांबा, जागा आहे ना! तो पाचवा चौकोन इतकी वर्षं रिकामाच आहे. त्यात सुरक्षेचं लिहिलं तर चालेल का? म्हणाले, तक्ता नवा होत असेल तर राहू दे भिंत. मॅडम, दोनच शब्द आहेत. 'सुरक्षित भाषा'. तुम्ही येऊन तुमच्या हातानं लिहा. तुमच्या बाबांचं सगळं काम वाचतं."

"उद्या येते," एवढंच म्हणून आक्कानं फोन ठेवला.

"काय म्हणाला?" भावजयीनं विचारलं.

"बाबांची भिंत पुसतायत."

भावजयीनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. तिसरं पातं तसंच राहिलं.

आक्काचे बाबा बोर्ड रंगवायचे. गावातल्या पेठेतून चालत गेलं की डावी-उजवीकडे त्यांचीच अक्षरं असायची: कापडवाला, चष्मेवाला, शिंपी, दवाखाना. लांबून वाचता येतील अशी ठसठशीत, आणि जवळ गेलं तर प्रत्येक अक्षराला उजवीकडून बारीक सावली. त्यांच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा वास असायचा, आणि लहानपणी आक्काला वाटायचं की सगळ्यांच्याच वडिलांना तो वास येतो. रविवारी ती त्यांच्याबरोबर जायची. अक्षरांची कड ते काढायचे, आतला रंग ती भरायची. "कडेच्या आत राहा," ते एवढंच शिकवायचे. "रंग बाहेर गेला की अक्षर मेलं."

पुढे मशीनवर छापलेले प्लास्टिकचे बोर्ड निघाले, सकाळी सांगा, संध्याकाळी न्या. एकेक दुकान बदलत गेलं. बाबा कधी कुरकुरले नाहीत. जुना बोर्ड उतरला की तिथून जाताना फक्त मान दुसरीकडे वळवायचे. सगळ्यात शेवटी शिंप्याचा बोर्ड उतरला, तोपर्यंत ते राहिले नव्हते. आता त्यांच्या हातचं म्हणून जगात काही उरलं असेल, तर ती लॅबची भिंत.

ती भिंत रंगवली तेव्हा आक्का नोकरीला नवी होती. मुलं भाषांच्या नावांनीच गांगरायची, म्हणून तिला वाटलं, भिंतीवर एक मोठा तक्ता हवा: कुठली भाषा कुठल्या घरातली, ते आत शिरताच दिसावं. संस्थेनं रंगाचे पैसे मंजूर केले, मजुरीचे नाही. बाबा म्हणाले, "पोरीकडून मजुरी घ्यायची माझी छाती आहे का?" हाताला तेव्हा थोडा कंप आला होता. तरी सुट्टीत ते रोज डबा घेऊन यायचे, शिडीवर चढायचे आणि डाव्या हातानं उजव्या मनगटाला टेका देऊन लिहायचे.

आक्कानं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं: चौकोन चार, यंत्राकडून काम करवून घेण्याच्या चार रीतींचे. त्या आठवड्यात तिला परीक्षेचं काम होतं. ती सावकाश पाहायला आली तर भिंतीवर एकासारखे एक पाच चौकोन! ऑइलपेंटनं कडा मारलेल्या, भोवती वेलबुट्टी, सगळं वाळून खडखडीत.

"बाबा, चार म्हटलं होतं ना मी?"

"चारच केलेत," बाबा शिडीवरून म्हणाले आणि ब्रशच्या टोकानं मोजून दाखवू लागले, "शून्य, एक, दोन, तीन, चार. तुमच्यात शून्यापासून मोजतात ना?"

आक्का शिकत होती तेव्हा रात्रीच्या जेवणाला ती घरातल्या सगळ्यांचं डोकं खायची, संगणकात पहिल्या घराला शून्य नंबर असतो म्हणून. आई वैतागून उठून जायची. बाबा मुकाट्यानं जेवत असायचे. तिला वाटायचं, त्यांचं लक्षच नाही. त्यांनी ते इतकं लक्षात ठेवलं होतं की पोरीच्या कामात आपल्याकडून गावंढळपणा होऊ नये म्हणून शून्यापासून मोजून पाच चौकोन काढले. आक्का हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि बाबांना कळेना की शाबासकी आहे की चुकलंय.

"अगदी बरोबर केलंत," ती म्हणाली. "शेवटचा रिकामा राहू दे."

चार चौकोन भरले. प्रत्येकात वर मोठ्या अक्षरांत मथळा, मध्ये भाषांची नावं, आणि तळाशी त्या रीतीची ओळख सांगणारी एकेक ओळ, बारीक तिरप्या अक्षरांत. त्या चार ओळी बाबांनी शेवटी लिहिल्या. मोठं अक्षर सावरता येतं, बारकं नाही. तिथे कंप लगेच दिसतो. ते एक शब्द लिहायचे, खाली उतरायचे, हात चोळायचे, पुन्हा चढायचे. म्हणून आक्काला भिंतीवरचं सगळ्यात प्रिय काही असेल तर त्या चार ओळी.

त्या भिंतीसमोर उभं राहून तिनं किती वर्गांना शिकवलं! पुस्तकातली व्याख्या ती कधी आधी सांगायची नाही. ती म्हणायची, "समजा, तुमच्या आत्याला स्टेशनवरून घरी आणायचंय."

पहिला चौकोन म्हणजे आत्याला एकेक पाऊल सांगायचं. बाहेर ये, डावीकडे वळ, पूल ओलांड. एक पाऊल चुकलं की आत्या नदीत. दुसरा म्हणजे टॅक्सीवाल्याला 'हिला घरी सोड' एवढंच सांगायचं. गाडी कशी चालवायची ते त्याचं त्याला ठाऊक, तुम्ही त्याच्या इंजिनात हात घालायचा नाही. तिसरा म्हणजे सूत्र. कुठलंही स्टेशन द्या, घरापर्यंतची वाट मिळेल. आज विचारा, वर्षानं विचारा, त्याच प्रश्नाला तेच उत्तर, आणि नुसत्या विचारण्यानं जगातलं काही इकडचं तिकडे होणार नाही.

इथे शंकासुराचा हात वर गेला होता. "मॅडम, जगातलं काहीच हलत नाही, तर आत्या घरी येणार कशी?"

वर्ग खो खो हसला. आक्काही हसली. "म्हणून शेवटी कुणाला तरी उठून जावंच लागतं. तू जा. आधी खाली बस."

आणि चौथा म्हणजे फक्त नियम सांगायचे: आत्या भाच्याशिवाय राहत नाही, भाचा घरी आहे. मग विचारायचं, आत्या कुठे असायला हवी? वाट शोधण्याची डोकेफोड यंत्रानं करायची.

"आता," आक्का खडू खाली ठेवून विचारायची, "आत्या आली. पण आत्याची पिशवी?"

पोरं एकमेकांकडे बघायची.

"चारही वाटांनी आत्या येते. पिशवीसकट येते का, हे ज्या त्या वाटेला वेगळं विचारायचं. कुठे चोर पाकीट मारेल, कुठे टॅक्सीवालाच पिशवी उघडून बघेल. भाषा शिकताना दोन प्रश्न विचारा. ही काम कसं करवून घेते? आणि पिशवी कोण राखतं, भाषा की तुम्ही?"

त्यावर शंकासुराचा हात पुन्हा वर. "मग तो पाचवा चौकोन पिशवीचा का?"

"नाही."

"मग कशाचा?"

"तुझं तोंड बंद करायला काय लिहावं, याचा विचार चाललाय," आक्का म्हणाली आणि तास संपला.

पिशवीचा धडा त्या पोरांना लगेचच मिळाला. संस्थेच्या ग्रंथालयासाठी त्यांच्या वर्गानं सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. सभासदाचं नाव एका कप्प्यात आणि त्याच्याकडे किती पुस्तकं आहेत तो आकडा शेजारच्या कप्प्यात. एका निवृत्त शिक्षिकेचं नाव पदवी आणि माहेरच्या आडनावासकट इतकं लांब होतं की कप्पा भरून उरलेली अक्षरं शेजारच्या कप्प्यात सांडली. सी भाषा मध्ये पडली नाही. तिचा स्वभावच तसा, तुम्ही लिहा म्हणाल तिथे ती लिहिते. ग्रंथपाल धापा टाकत लॅबमध्ये आले. "बाई, त्या आजींच्या नावावर हजारो पुस्तकं दिसतायत! त्यांनी आख्खं ग्रंथालय घरी नेलं म्हणू की काय?"

पोरं पोट धरून हसली. आक्कानं मात्र तोच प्रोग्राम त्यांच्याकडून पास्कल भाषेत लिहून घेतला, कप्प्याची तपासणी चालू ठेवून. पास्कलनं लांब नाव कप्प्याच्या कडेशीच अडवलं आणि काम थांबवलं. "बघा," ती म्हणाली, "दोघी एकाच चौकोनातल्या. सख्ख्या बहिणी म्हणा. पण एक दार उघडं टाकून झोपते, दुसरी कडी लावते."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून जाताना हे सगळं आक्काला आठवत होतं. आणि त्याच्या आड दुसरं एक मन हळूच म्हणत होतं: दोन शब्दच तर लिहायचेत. कोणाचं काय जातं? बाबांची भिंत राहते. ज्या मुलांना शिकायचं ते पुस्तकात शिकतील. रिकामा चौकोन इतकी वर्षं वाट पाहतोय, भरला तर काय आभाळ कोसळणार आहे? तिनं मनाशी ठरवूनच टाकलं, लिहायचं.

लॅब बदलली होती. संगणकांचे जुने अवजड पडदे जाऊन चपटे आले होते, बाकांच्या जागी खुर्च्या, आणि तक्त्याच्या अगदी खालून वायरींची नवी पट्टी भिंतभर गेली होती. वर छताची तुळई. त्या दोघांच्या मध्ये बाबांचे पाच चौकोन, वेलबुट्टीसकट. एका कोपऱ्यात ओल आली होती. सावली दिलेली अक्षरं मात्र अजून दारातून वाचता येत होती.

शंकासुरानं शिडी लावून ठेवली होती, खडू ठेवला होता, आणि चहासुद्धा मागवला होता.

"मॅडम, आधी चहा."

"आधी काम. चहानं अक्षर बिघडतं."

"बाबांचं वाक्य आहे ना हे?"

"तुझ्या लक्षात आहे?"

"तुम्ही परीक्षेच्या आधी आम्हाला चहा पिऊ द्यायचा नाहीत, लक्षात राहणार नाही?"

आक्का शिडी चढली. गुडघे कुरकुरले. पाचव्या चौकोनाजवळ तिनं पट्टीनं रेघ आखली आणि खडूनं मथळा लिहिला. सुरक्षित भाषा. अक्षर अजून वळणदार होतं. मग मथळ्याखाली नावांची जागा आली, आणि तिचा हात तिथे थांबला.

"खाली कुणाची नावं घालू?"

शंकासुर उत्साहानं सांगू लागला, "ज्या कप्प्याबाहेर लिहू देत नाहीत त्या. पास्कल घाला..."

"पास्कल पहिल्या चौकोनात आहे."

"मग तिथून काढायची."

"आणि तिसऱ्यातल्या? तिथे एकदा दिलेली वस्तू मागाहून कुणी बदलत नाही. तीही सुरक्षाच. त्यांनाही इकडे आणू? मग तिसऱ्या चौकोनात राहिलं कोण? आणि दुसऱ्यातल्या, ज्या आतलं सामान बाहेरच्याला दाखवत नाहीत?" आक्का शिडीवर वळून बसली. "अरे, हे म्हणजे गावात आळ्या चार, सुतारआळी, शिंपीआळी वगैरे, आणि पाचवी कुठली, तर प्रामाणिक माणसांची. मग उरलेल्या चार आळ्यांत काय चोर राहतात? आणि पाचवीत राहायला गेला तो सुतार राहिला नाही?"

शंकासुर हसला, पण माघार घेणाऱ्यातला तो नव्हता. "मॅडम, तुमचं पटतंय. पण माझं ऐका. तुम्ही होता तोवर आत्या होती, पिशवी होती. आता वर्ग मोठे, तास कमी. मुलं भिंतीवर बघतात, फोटो काढतात आणि जातात. भिंतीवर सुरक्षा नाही म्हणजे त्यांच्या लेखी ती नाहीच. गेल्या वर्षी आमच्या पोरांनी दवाखान्यासाठी एक प्रोग्राम करून दिला. रुग्णांची माहिती कुणीही बाहेरून उघडू शकत होतं. मी विचारलं, हे कुणी राखायचं? म्हणाले, सर, तो आमचा विषय नाही."

आक्काला हे लागलं. तिनं तोंडानं इतकं शिकवलं, पण भिंतीवर एक अक्षर घातलं नव्हतं, हे खरंच होतं. तोंडचं शिकवणं तिच्याबरोबर घरी आलं, पंखे पुसायला. भिंत इथे राहिली.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "भिंतीवर हवंच."

"मग लिहा ना!"

ती पुन्हा तक्त्याकडे वळली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. शंकासुराला वाटलं, तिला चक्कर आली. त्यानं शिडी घट्ट धरली. पण ती डावीकडून उजवीकडे नजरेनं एक रेघ ओढत होती. सुरक्षेला चौकोन द्यायचा नाही, पट्टा द्यायचा. चारही चौकोनांतून आरपार जाणारा एकच पट्टा, आणि प्रत्येक चौकोनात त्याचा वेगळा प्रश्न. पहिल्यात: ही कप्प्याच्या कडेबाहेर लिहू देते का? दुसऱ्यात: आतलं सामान बाहेरचा हात लावून बदलू शकतो का? तिसऱ्यात: एकदा दिलेलं मागून कुणी बदलू शकतं का? चौथ्यात: बाहेरून आलेलं वाक्य नियम म्हणून आत शिरतं का? आणि पट्ट्याच्या सुरुवातीला जाड अक्षरांत: पिशवी कोण राखतं?

हे ती बोलून दाखवू लागली तसा शंकासुर खालून "हो, हो," करत होता. मग त्यानं भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"पण पट्टा जाणार कुठून, मॅडम?"

वर मथळे आणि लगेच तुळई. मध्ये भाषांची नावं. खाली चौकटीला लागूनच वायरींची पट्टी. चारही चौकोनांतून सरळ जाईल अशी एकच जागा होती. तळाच्या चार ओळी.

"तिथूनच," आक्का म्हणाली.

"छे, छे! त्या बाबांच्या ओळी आहेत. तुम्हीच आम्हाला सांगायचात, एकेक शब्द लिहून ते खाली उतरायचे म्हणून. त्या नाही पुसायच्या. मॅडम, त्यापेक्षा पाचव्यात लिहून मोकळ्या व्हा. कोण एवढं बारीक बघतंय?"

"तू बघायचास."

"मी एकटाच आगाऊ होतो."

"दर वर्गात एक असतो. तो भिंतीवर चुकीचं शिकेल, मग दहा जणांना शिकवेल, मग प्रमुख होईल." ती शिडीवरून सावकाश उतरली आणि त्याच्या हातातून कप घेतला. चहा गार झाला होता. तिनं तो तसाच प्यायला. "आणि मी 'सुरक्षित' म्हणून एक वेगळी खोली करून दिली, की बाकीच्या खोल्यांत राहणारे म्हणतील, आमचा काय संबंध? तुझी दवाखान्याची पोरं तेच म्हणाली ना?"

शंकासुरानं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो शिडी उगाचच हलवून बघत होता.

"फोटो तरी काढू का आधी?"

"काढ की. मला पण पाठव. भावजयीला दाखवीन, तिला वाटतं मी नोकरीभर नुसतं पोरांना रागावले."

त्यानं प्रत्येक ओळीचा जवळून फोटो काढला. पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा आक्काला दिसलं की चौथ्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाला बाबांनी सावली दिलेलीच नव्हती. हात दमला असणार. इतकी वर्षं रोज समोर उभं राहूनही तिला ते दिसलं नव्हतं. मनातल्या मनात देवाला आणि बाबांना, दोघांनाही एकदमच, नमस्कार करून तिनं कोपऱ्यात रंगाऱ्यांनी आधीच आणून ठेवलेल्या सामानातला पॉलिश पेपर उचलला.

"मी करतो, मॅडम."

"तू शिडी धर."

शंकासुरानं दोन्ही हातांनी शिडी धरली. आक्कानं पहिल्या चौकोनातल्या ओळीच्या पहिल्या शब्दावर कागद ठेवला. जुना ऑइलपेंट टणक होता. आधी नुसती चमक गेली, मग काळ्याची राख झाली, आणि मग खालचा पांढरा दिसू लागला. ती घाईनं घासत नव्हती, थांबतही नव्हती. बाबा एकेका शब्दाला उतरायचे. ती ओळीला एकदा उतरली, चारदा. मथळ्यांना आणि वेलबुट्टीला तिनं धक्का लागू दिला नाही. शेवटी पाचव्या चौकोनातला स्वतःचा खडू तिनं पदरानंच पुसून टाकला.

"प्राचार्य विचारतील, हा रिकामा का?" शंकासुर म्हणाला.

"सांग, मॅडमच्या वडिलांनी काढलाय, आणि त्यांच्या मुलीला तो आवडतो."

"हे कारण झालं?"

"तुझ्या शंका अजून संपल्या नाहीत का रे?"

खिडकीशी उभं राहून तिनं हातावरची राख झटकली, आणि परत येऊन खडूच्या भुकटीत घोळवलेल्या दोरीनं पट्ट्याच्या दोन रेघा भिंतीवर मारल्या, एक वरची, एक खालची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंतर बरोबर आलं. मग तिनं रंगाऱ्यांच्या डब्यातले ब्रश एकेक करून पाहिले. सगळे भिंती रंगवायचे, झाडूसारखे. त्यांनी अक्षर निघणार नव्हतं.

"इथे हार्डवेअरचं दुकान अजून आहे ना, कोपऱ्यावर?"

"आहे. मी कुणाला तरी पाठवतो."

"ब्रश दुसऱ्याला निवडता येत नाही," आक्का म्हणाली. तिनं पर्स खांद्याला लावली आणि काळा ऑइलपेंट, टर्पेंटाइन आणि बारीक अक्षराचा ब्रश आणायला ती खाली निघाली.